डबा रिकामा जायचा नाही

इंदूकाकूंना तुम्ही काय वाट्टेल ते द्या, पण डब्यात घालून देऊ नका. कागदात गुंडाळून द्या, केळीच्या पानात द्या, नाहीतर सरळ हातावर ठेवा. डब्यात दिलंत की अडकलात. परवा सकाळी तो डबा घासूनपुसून तुमच्या दारात हजर होणार, आत कोथिंबीर वडी नाहीतर शंकरपाळे भरलेले असणार, आणि त्याच्या डोक्यावर काकूंचा स्वतःचा एक छोटा डबा असणार. "ही चटणी घे त्याच्याबरोबर." म्हणजे तुमचा डबा परत आला, पण आता त्यांचा एक तुमच्याकडे आला. तो रिकामा कसा द्यायचा? तुम्ही त्यात काहीतरी घालून देता, आणि परवा सकाळी पुन्हा बेल वाजते.

कोपरखैरण्याच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. विद्यानं, म्हणजे माझ्या बायकोनं, शेजारधर्म म्हणून समोरच्या दारात पेढे दिले. ते मिठाईवाल्याच्या फुकटच्या प्लास्टिक डब्यात होते. तो डबा कचऱ्यात जायच्या लायकीचा होता. दोन दिवसांनी तो नारळाच्या वड्या घेऊन परत आला. "अहो काकू, टाकून द्यायचा होता," विद्या म्हणाली. काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं सासूला टाकून द्यायला सांगितलं. "ज्याचं त्याला," त्या म्हणाल्या. तो डबा वर्षभर आमच्या दोन दारांमध्ये फिरत होता. शेवटी त्याला चीर गेली, तेव्हा काकूंनी त्याचे तुकडे एका स्टीलच्या डब्यात घालून आम्हाला आणून दिले. सोबत लिंबाचं लोणचं होतं.

चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांनी एकदा त्यांना पिझ्झा दिला. पिझ्झाचं ते पुठ्ठ्याचं खोकं परत गेलं तेव्हा आत गोल थालीपीठ होतं, बरोब्बर त्रिकोणी तुकडे पाडलेलं. कोपऱ्यात टोमॅटो सॉसची पुडीही होती, पोरांनीच दिलेली.

काकू सत्तरीच्या, बुटक्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांचे यजमान एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे काकू स्वतः कधी सांगत नाहीत, बिल्डिंगमधले लोकच नव्या माणसाला हळू आवाजात सांगतात. काकू सांगतात ते वेगळंच. "आलेलं खायचं, साठवायचं नाही." "ओतून ठेवलं म्हणजे विसरलं." आणि सगळ्यात महत्त्वाचं: "डबा थांबवू नका." फ्रीजमध्ये दुसऱ्या भांड्यात काढून ठेवणं त्यांच्या लेखी देणाऱ्याचा अपमान. देणाऱ्यानं दिलं, आपण खाल्लं, भांडं मोकळं झालं, भरून परत गेलं. बाकी टेन्शन घ्यायचं नाही.

या तत्त्वापायी काकू एकदा मरता मरता वाचल्या, ती गोष्ट सांगायची आहे.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन प्रेम. नेपाळच्या डोंगरातला, तिशीतला, हसरा. काकू त्याला रोज दुपारी चहा पाठवायच्या, आणि कपात पाठवायच्या म्हणून तो त्या चक्रातून वाचला होता. पण मागच्या वर्षी तो गावी गेला तेव्हा काकूंनी त्याच्या आईसाठी आपली एक जुनी शाल दिली. या वर्षी त्याचा चुलतभाऊ गावाहून आला तो आईनं काकूंसाठी पाठवलेला मध घेऊन. पितळी डब्यात.

प्रेम डबा द्यायला आला तेव्हा मी काकूंकडे होतो, चटणीचा डबा परत करत होतो. काकूंनी आधी मध पाहिलाच नाही. त्यांनी झाकण उलटसुलट केलं, चष्मा लावला आणि वाचलं, "मायादेवी." मग माझ्याकडे वळल्या. "बघ रे सतीश, त्यांच्यात पण भांड्यावर नाव कोरतात!" एवढ्यावर त्यांचं आणि त्या कधी न पाहिलेल्या बाईचं नातं जुळून गेलं.

"काकू, थोडाच खायचा हां," प्रेम म्हणाला. "एकदम छोटा चमचा. रोज नाही. हा जोरवाला मध आहे. तिकडे वरती लाल फुलं येतात, त्याचा. जास्त खाल्ला तर चढतो."

"अरे, जोर मिरचीला असतो. मधाला कसला जोर?"

"सच्ची, काकू. आमच्याकडे म्हातारे लोक गुडघ्याला खातात, पण चमचाभर. त्याच्यावर नाही."

गुडघ्याचं नाव निघताच काकू गंभीर झाल्या. त्यांनी बोटाच्या टोकावर मध घेतला, मलाही दिला. रंग लालसर होता. चव आधी गोड, मग मागून किंचित कडू, आणि घशाशी आल्यावर ठसका. मला काही तो आवडला नाही. काकूंना मात्र फार आवडला, कारण तो मायादेवींनी पाठवला होता.

दोन आठवडे काकूंनी प्रेमचं ऐकलं. दिवसाआड चमच्याचं टोक. गुडघा ऐकत नव्हता, पण त्या म्हणायच्या की ऐकतोय. मग एका शुक्रवारी प्रेमनं सांगितलं की गावाहून फोन आलाय, आमा, म्हणजे आई, अंथरुणाला खिळलीय, जेवत नाही, बोलत नाही. त्यानं रविवारी संध्याकाळचं तिकीट काढलं होतं.

"रविवारी?" काकू म्हणाल्या. "मग डबा?"

"डबा राहू द्या हो काकू."

"राहू कसा देऊ? तुझी आई आजारी आणि तिचा डबा माझ्या घरात?"

हे बोलणं मी जिन्यात उभा राहून ऐकलं आणि सोडून दिलं. काकूंचं डब्याविषयीचं कुठलं बोलणं आम्ही मनावर घ्यायचं? पण त्या डब्यात निम्म्याहून जास्त मध शिल्लक होता, तो ओतून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, टाकणं तर त्याहून नाही, आणि रविवार दोन दिवसांवर आला होता.

शनिवारी सकाळी मी दूध द्यायला गेलो तर दार नुसतं लोटलेलं. काकू स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, अंगावर गार घाम, शेजारी उलटी झालेली. "तोंडाला मुंग्या आल्यात रे," त्या म्हणाल्या. "आणि तुझे दोन सतीश झालेत. दोघांना सांग, बाई जरा बसलीय."

मी हाक मारली तसा प्रेम खालून दोन दोन पायऱ्या चढत आला. आम्ही काकूंना खुर्चीत बसवून खाली नेलं आणि रिक्षात घातलं. त्या अवस्थेतही त्यांनी मला विचारलं, "ओट्यावरचा डबा पालथा घातलाय ना? पाणी निथळायला हवं." मला वाटलं भ्रमात बोलतायत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला कडक. तिनं नाडी पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. नाडी चाळीसच्याही खाली, ब्लडप्रेशर तळाला. "आजी, सकाळपासून काय खाल्लं?"

"काही नाही. पित्त असेल."

"काही औषध? काढा? कुणी काही दिलं?"

"कुणी काही नाही दिलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी डोळे का मिटले ते मला नंतर कळलं. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ते उभे होते. रिटायर झाल्यापासून गुप्त्यांनी एकच ध्यास घेतलाय, वॉचमन काढून एजन्सीची माणसं आणायची, कॅमेऱ्यासकट. प्रेमविरुद्ध त्यांना इतकी वर्षं काही सापडलं नव्हतं. काकू पडल्याचं कळताच ते रिक्षामागून स्कूटरवर आले होते, काळजीनंच आले होते, पण आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय खाण्यात आलं? बाहेरचं कुणी काही दिलं का?"

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "हार्टचा प्रॉब्लेम दिसतोय. ब्लॉक असेल तर तात्पुरता पेसमेकर घालावा लागेल. त्यांचे जुने कागद असतील तर लवकर आणा."

काकूंच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. मी कागद शोधायला गेलो आणि स्वयंपाकघरातच थबकलो. ओट्यावर फडक्यावर पितळी डबा पालथा होता, चिंच लावून घासलेला, सोन्यासारखा. शेजारी ताटात अर्धी भाकरी आणि एक मोठी वाटी. वाटीच्या तळाशी लालसर चिकट थर होता. मी बोट लावून चाटलं. घशाशी ठसका लागला.

बाईनं वाटीभर मध भाकरीशी कालवणासारखा खाल्ला होता. तोही डबा मोकळा करायला.

मी वाटी तशीच पिशवीत घातली आणि परत पळालो. गुप्ते कॉरिडॉरमध्ये फोनवर होते. मी पडदा ओढून घेतला आणि वाटी काकूंच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे, काकू?"

त्यांनी एक डोळा उघडला. "तू माझ्या ओट्यावर हात लावलास?"

"काकू, डॉक्टर तुमच्या छातीत पेसमेकरची तार घालायचं बोलतायत! सांगा त्यांना!"

"सांगितलं की तो गुप्ते त्या पोराला हाकलेल. उद्या त्याला आईकडे जायचंय, आणि परत आला की नोकरी नसेल. घालू दे तार. मला काय, एवीतेवी गुडघ्यात पण वाट्या घालायच्याच आहेत."

मी आयुष्यात काकूंवर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. मी म्हणालो की तुम्ही गेलात तर पोलीस येतील आणि प्रेम गावाऐवजी तुरुंगात जाईल. हे खरं की खोटं मला माहीत नव्हतं. पण काकूंनी दुसराही डोळा उघडला.

"डॉक्टरीणबाईला बोलव," त्या म्हणाल्या. "पण पोराचं नाव येता कामा नये."

डॉक्टर आली, तिनं वाटीचा वास घेतला. "मला नाव नको कुणाचं. हा मध कुठला तेवढं सांगा."

"डोंगरातला. लांबचा. लाल फुलांचा."

"किती खाल्ला?"

"ही वाटी. काठोकाठ नाही हं. कडेनं बोटभर कमी."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आल्यासारखं दिसलं. तिनं मला समजावलं की तिकडे काही फुलांच्या रसातच विष असतं, मधमाश्यांना त्याचा त्रास नाही, माणसाची मात्र नाडी मंदावते. भेसळ नाही, कुणाची चूक नाही, मधच तसा. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, तारेचं नाव मागे पडलं. दुपारपर्यंत नाडी वर आली आणि संध्याकाळी काकूंनी नर्सला विचारलं की सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांचं तुम्ही काय करता.

पडदा काही भिंत नव्हे. गुप्त्यांनी सगळं ऐकलं होतं. रविवारी सकाळी गेटजवळ त्यांनी कमिटी बोलावली. विषय एकच, प्रेम. तो बिचारा बॅग भरून कोपऱ्यात उभा होता.

"माणूस चांगला आहे, मी नाही म्हणत नाही," गुप्ते म्हणाले. "पण आज विषारी मध दिला, उद्या काय देईल? प्रश्न सगळ्यांच्या सेफ्टीचा आहे. गावाला जातोच आहे तर तिकडेच राहू दे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात गेटसमोर रिक्षा थांबली. काकूंनी हॉस्पिटलकडून सकाळी सकाळी सुट्टी मिळवली होती, म्हणजे डॉक्टरच्या डोक्यावर बसून घेतली होती, आणि मी नको नको म्हणत असताना थेट मीटिंगमध्ये उतरल्या. मनगटाला अजून पट्टी होती.

"त्यानं चमचा सांगितला होता. मी वाटी खाल्ली. हा सतीश साक्षीला आहे," त्या म्हणाल्या. "हाकलायचं तर मला हाकला."

"इंदूताई, तसं नाही. नियम म्हणून..."

"बरं. नियम तर नियम. उद्यापासून कुणी कुणाला काही द्यायचं नाही, कुणी कुणाचं घ्यायचं नाही. चालेल. आधी माझे डबे आणा."

"डबे?" गुप्त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे माझा उभट स्टीलचा आहे, गुप्ते. दिवाळीपासून. वहिनी त्यात रवा ठेवतात, मला माहितीय. नाईकांकडे कडीचा आहे. चौथ्या मजल्यावर दोन आहेत आणि एकाचं झाकण खाली भाटियांकडे. सगळे आणा इथं. भरून आणा. मी इथंच बसते."

आणि त्या खरोखरच प्रेमच्या खुर्चीवर बसल्या. कमिटीतला एकही माणूस असा नव्हता ज्याच्या घरी काकूंचा डबा नव्हता. बायका आपापसात हसू लागल्या, नाईक म्हणाले की जाऊ द्या हो, आणि गुप्त्यांनी घसा साफ करून जाहीर केलं की प्रेमला महिन्याची रजा मंजूर आहे, परत आल्यावर ड्यूटी चालू.

मला वाटलं, संपलं. कसलं संपलं! काकू जिना चढतानाच म्हणाल्या, "गाडी संध्याकाळची आहे. डबा रिकामाय."

त्यांना उभं राहायची बंदी होती, म्हणून बेसनाचे लाडू मी केले. पन्नाशीच्या माणसानं जन्मात पहिल्यांदा. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. "हलव. वास आला? नाही ना? मग हलव. हात दुखतोय काय? मला तार घालणार होते, मी बोलले का काही?" लाडू वळायला घेतले तेव्हा त्यांनी माझा पहिला लाडू हातात घेऊन फिरवून पाहिला. "खालून सपाट आहे. बसेल डब्यात नीट," एवढंच म्हणाल्या.

प्रेम आला. पितळी डबा भरून, झाकण लावून, फडक्यात बांधून तयार होता. काकू अडखळत उठल्या, फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "तो काढ."

वर एक जुना ॲल्युमिनिअमचा डबा होता. इतक्या वर्षांत मी तो पाहिला होता, पण तो डबा कधी फिरताना पाहिला नव्हता. त्यावर नाव कोरलं होतं, काकूंचं नव्हे. शांती.

"आधी बोनकोडे गावात शांतीच्या घरात भाड्यानं राहायचो आम्ही," काकू म्हणाल्या. "इकडे फ्लॅटवर आलो तेव्हा तिनं सुकट भरून दिली यात. म्हटलं, डबा? तर म्हणाली, 'ने गो. दे कवा पन. कुटं पलून जातंस?' पंधरा मिनिटांवर घर. म्हटलं, जाऊ सावकाश. आज जाऊ, उद्या जाऊ. एक दिवस मार्केटात कुणीतरी सांगितलं, शांती गेली."

त्यांनी पदरानं डबा पुसला.

"मी वेळेवर भरून दिला असता, वर माझा एक दिला असता, तर तिला तो परत द्यायचा राहिला असता ना. तशी ती गेली नसती. हिशेबाची पक्की होती. दुसऱ्याचा डबा घरात असला की माणूस असं मधेच उठून जात नाही." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी नाही का राहिले? हा होता म्हणून."

प्रेमला सगळं कळलं की नाही कोण जाणे. काकूंनी उरलेले लाडू शांतीच्या डब्यात भरले आणि तो त्याच्या हातात दिला. "पितळी तिचा तिला. हा माझा. तिला सांग, हा परत यायला पाहिजे. तिनंच पाठवायला पाहिजे. सांगशील ना नीट?"

"सांगतो काकू," प्रेम म्हणाला, आणि त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. काकूंना फोनवर ऐकू कमी येतं, म्हणून मी स्पीकर लावून धरला. आमा उठून बसलीय, अर्धा लाडू खाल्ला, आणि विचारतेय की डब्यात काय भरून पाठवू.

"मध सोडून काहीही!" काकू ओरडल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. फडताळाची वरची फळी मोकळी होती. डबा होता तिथं धुळीत एक स्वच्छ गोल उमटला होता. बाकी त्या घरात कुणाचं काही नव्हतं. सगळे डबे ज्याचे त्याला गेले होते, आणि काकूंचे होते ते दुसऱ्यांच्या घरात होते. मला एकदम भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

मी आमच्या घरी गेलो. विद्यानं केलेला चिवडा होता. मी सगळ्यात चांगला डबा काढला, तिच्या माहेरचा, नाव कोरलेला, आणि गच्च भरला. विद्या बघत होती. ती म्हणाली, "माझा तो?" मी म्हटलं, हो, तोच. तिनं झाकण नीट दाबून दिलं.

काकूंनी डबा घेतला, नाव वाचलं. "परवा देते," त्या म्हणाल्या.

"नको काकू. सावकाश द्या. घाई नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झाकण जरा ढिलं आहे हं याचं," आणि दार लावून घेतलं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. प्रेम ड्यूटीवर आहे. काकूंच्या चटण्या जिन्यातून वर-खाली जातात, गुप्त्यांकडचा उभट डबा परत येऊन पुन्हा त्यांच्याकडे गेलाय. विद्याचा डबा मात्र काकूंच्या वरच्या फळीवर आहे. तो अजून परत आलेला नाही, आणि आम्हीही मागितलेला नाही.